टाच बहिरी असते

हौसाआक्का माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसे. कुणी दारात आलं की तिची नजर पहिल्यांदा त्याच्या पायांवर जाई. पाऊल आत वळतंय की बाहेर, टाच कुठल्या बाजूनं झिजलीय, अंगठा नीट टेकतोय की नाही, एवढं बघून झालं की मग ती मान वर करी आणि म्हणे, "ये. डावीकडं दुखतंय न्हवं?" बहुतेक वेळा डावीकडेच दुखत असे. नसलं तर ती ओशाळत नसे. "मग उजवीकडं दुखत आसंल," असं म्हणून मोकळी होई.

मी निरवांगीला सून म्हणून आले तेव्हा ती पन्नाशीच्या आतबाहेर असेल. उंचीनं बेताची, अंगानं काटक, कपाळ मोकळं. नवरा लवकर गेला होता. पदरात एकच मुलगा, ज्ञानू. आक्काचं काम अंग तुडवायचं. हातानं चोळणाऱ्या बायका गावोगाव होत्या, बाळंतिणीला तेल लावणाऱ्याही होत्या. आक्का पायानं काम करी. जमिनीवर घोंगडी अंथरायची, दुखणाईताला पालथं निजवायचं, आढ्याला बांधलेली दोरी दोन्ही हातांनी धरायची आणि त्याच्या पाठीवर, कमरेवर, मांड्यांवर एकेक पाऊल ठेवत जायचं. हे दोरीचं तिनं कुणाकडून घेतलं नव्हतं, स्वतःच काढलं होतं. इंदापूरचे आणि बारामतीचे बागाईतदार तिच्यासाठी गाडी जुंपून पाठवत. बायकांना तुडवी तशी ती पुरुषांनाही तुडवी. एकट्या बाईनं असं करावं का, हे तिच्यासमोर बोलायची छाती गावात कुणाची नव्हती.

मी तिची शिष्यीण. पण मी तिच्याकडे शिकायला गेले नाही. तीच मला न्यायला आली. का आली, ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. आता सत्तरी उलटली, लपवण्यासारखं काही उरलं नाही.

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून येताना माझे पाय आधी आले. आमच्या भागात पायाळू माणसाला मोठा मान. कुणाच्या पाठीत उसण भरली की त्यानं उंबऱ्यावर पालथं पडायचं, पायाळू माणसानं तीनदा पाय मारायचा, की उसण उतरते. सांगवीला माहेरी मी सहा वर्षांची असल्यापासून पाय मारत होते. एरवी थोरामोठ्यांना चुकून पाय लागला तर पाया पडायला लावणारी माणसं माझ्यापुढे येऊन आडवी होत, याची मला गंमत वाटे. खरं सांगायचं तर गुर्मीच होती. लग्न ठरतानाही हे सासरच्यांच्या कानावर घातलं गेलं होतं. मी गावात आल्या आल्या सासूबाईंनी सांगून टाकलं, "आमची सून पायाळू हाय." दुसऱ्या दिवसापासून सकाळी दारात माणसं.

गुऱ्हाळांचे दिवस होते. कॅनॉलच्या पाण्यावर ऊस वाढला होता, आणि तो तोडताना, गाडीत भरताना, काहिलीतला पाक ढवळताना रोज कुणाची ना कुणाची पाठ धरत होती. अशाच एका सकाळी ज्ञानू आला. बावीस वर्षांचा उमदा गडी. भिंतीला हात लावत लावत आला तेही मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायची मला गरज वाटली नाही.

"उसण भरलीया," तो एवढंच म्हणाला.

सासूबाई म्हणाल्या, "आरं, तुझ्या घरातच एवढी मोठी वैदीण, आन तू आमच्याकडं?"

"आई बारामतीला गेलीया. गाडी आली हुती."

तो उंबऱ्यावर पालथा पडला. माझ्या सवयीप्रमाणे मी पदर खोचला आणि पाय मारला. एकदा, दोनदा. ओसरीवर चार-पाच माणसं होती. सासूबाई म्हणाल्या, "जोरात दे गं, आसं गोंजारल्यानं उतरत न्हाय." तिसरा पाय मी टाचेनं मारला, सगळा भार टाकून. माझ्या टाचेला काही कळलं नाही. ज्ञानूनं तोंडातून आवाज काढला नाही. परक्याच्या तरुण सुनेसमोर, चार माणसांत, बावीस वर्षांचा गडी ओरडणार कसा? तो हातावर जोर देऊन उठला, अंगणात तीन पावलं टाकली, आणि त्याचा उजवा पाय त्याच्या खालून निघून गेल्यासारखा तो खाली बसला.

नंतर कळलं ते असं. आदल्या दिवशी तो उसानं भरलेल्या गाडीवरून पाठीवर पडला होता. हे त्यानं आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की मणक्याला पडल्यामुळेच इजा झाली असावी, मग त्यावर मार बसला. किती पडल्यामुळे आणि किती माझ्या टाचेमुळे, हे त्यांना सांगता आलं नाही. ज्ञानूचा उजवा पाय कायमचा ओढत राहिला.

घरात मला कुणी बोललं नाही. त्यानं जास्तच जड गेलं. सासूबाईंनी दारात आलेली माणसं दोन दिवस परतवून लावली, आणि तिसऱ्या दिवशी एक जण आला तेव्हा मला म्हणाल्या, "हळू मार." मी माजघरात जाऊन बसले.

आठव्या दिवशी हौसाआक्का आमच्या घरी आली. सासूबाईंना वाटलं, आता शिव्याशाप होणार. त्यांनी लगबगीनं पाट मांडला. आक्का पाटावर बसली नाही. सरळ माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "पाय दे हिकडं."

तिनं माझा पाय स्वतःच उचलून मांडीवर घेतला. अंगठ्यानं टाच दाबली, चवडा दाबला, बोटं एकेक मोकळी करून बघितली. वाण्यानं तागडी पारखावी तशी ती पारखत होती. मी रडायला लागले.

"आक्का, माझं चुकलं."

"पाय हलवू नगंस."

मग ती सासूबाईंकडे वळली. "हिच्याकडं माणसं यायची थांबणार न्हाईत. तुमी दार लावलं तर परड्यातनं येतील. पायाळू हाय म्हनल्यावर कुणी ऐकत आसतंय व्हय? मग हिला येत नसंल तर आजून किती जणींची पोरं आडवी व्हायची? उद्यापास्नं ही माझ्याकडं येणार."

सासूबाईंनी एकच शंका काढली. "पर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हनत्यात तवर पाठी शाबूत ऱ्हातील का?" असं म्हणून ती उठली.

मी गेले ती माफीच्या आशेनं. ही बाई आज ना उद्या म्हणेल, की पोरी, झालं गेलं विसर. ते एवढं एक वाक्य ऐकायला मी तिच्या घरी जात होते. शिकणं हे त्याच्या ओघात झालं.

पहिले चार महिने तिनं मला माणसाला पाय लावू दिला नाही. भुसा भरलेलं एक पोतं होतं. त्यात ती कुठंतरी एक कवडी दडवून ठेवी आणि मला दोरीला धरून त्यावर चालायला लावी. कवडी पायानं हुडकायची. मी पहिल्या दिवशी कवडी तीन वेळा तुडवली तरी मला पत्ता लागला नाही.

"कशानं हुडकतीस?" तिनं विचारलं.

"टाचेनं."

"टाच बहिरी आसती. तिला काय बी ऐकू येत न्हाय. चवडा टेक. पाय म्हंजी कान हाय आसं समज. वजन दोरीवर, आन कान पाठीवर."

हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. टाच बहिरी असते. मी शिकण्याच्या भरात भार टाकला की ती कोपऱ्यातून नुसतं "बहिरी" एवढंच म्हणे आणि मी टाच उचलून घेई. कवडी सापडायला लागली तेव्हा तिनं कवडीच्या जागी चिंचोका घातला, आणि चिंचोका सापडायला लागला तेव्हा तुरीचा दाणा.

दोरी वळलेली होती घायपाताच्या वाखाची, आणि ती वळणारा होता ज्ञानू. पाय अधू झाल्यावर त्याला शेतातलं काम जमेना, म्हणून तो घरासमोर लिंबाखाली बसून दोरखंडं वळायला शिकला. माझे तळवे सोलवटले तेव्हा त्यानं जुनी दोरी काढून नवी, मऊ वळून दिली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही टोचायची न्हाय." त्या दिवशी मला त्या दोरीला हात लावायचं धैर्य होईना. आक्का म्हणाली, "धर. ती काय तुला चावत न्हाय."

माझ्या पायांतल्या जोडव्यांचा एक घोळ झाला होता. आक्का विधवा, तिची बोटं मोकळी. माझी जोडवी मात्र पाठीला रुतणार. मी ती काढून ठेवायला निघाले तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. नवरा धडधाकट असताना सून जोडवी काढते म्हणजे काय! मला वाटलं, शिकणं इथंच संपलं. आक्कानं वाद घातला नाही. जुन्या धोतराच्या मऊ पट्ट्या फाडून आणल्या आणि माझ्या बोटांना जोडव्यांवरून गुंडाळल्या. "काढायची न्हाईत, झाकायची," म्हणाली. अजूनही माझ्या ट्रंकेत त्या पट्ट्यांतली एक आहे.

तिचा दुसरा नियम विचित्र होता. पाठीवर पाय ठेवण्याआधी ती माणसाला म्हणे, "बोल." काय बोलायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. रानात काय लावलंय, माहेरची वाट कशी जाते, बैलांची नावं, काहीही. तुडवून होईपर्यंत बोलत राहायचं. आवाज कुठं अडखळतो, कुठं बारीक होतो, त्यावरून तिला दुखणं सापडे. "कण्हणं खोटं आसतंय. मोठं माणूस कण्हतच न्हाय आन पोर फुकाचं कण्हतंय. बोलण्यात मातर फसवता येत न्हाय." माणूस गप्प झाला की ती थांबे. आवाज अडला तर पाय काढायचा नाही आणि दाबायचाही नाही. तिथंच ठेवायचा, श्वास परत येईपर्यंत. "पाय काढलास तर त्याला वाटतंय, एकला पडलो." गप्प माणसावर मात्र पहिलं पाऊल कधीच ठेवायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. एका बागाईतदारानं बोलायला नकार दिला तेव्हा तिनं घोंगडी गुंडाळून काखेत मारली आणि आलेल्या गाडीत न बसता चालत परत आली.

मला वाटे ही जुनी विद्याच अशी असेल. एकदा लोणी देवकरची एक म्हातारी आली होती. ती बोलायचं म्हटल्यावर हसली. "हौसा, हे कवापास्नं गं? मागं तू मला धा वर्सं तुडवलंस, तवा तर तूच म्हनायचीस, गप पड, मला पाठ ऐकू दे." आक्का घोंगडीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिली. मीही ते तिथंच सोडून दिलं. तेव्हा मला ते उमगायला हवं होतं.

तिच्या या बोलण्याच्या नियमामुळे दोन तालुक्यांतल्या घराघरांतलं तिला ठाऊक होतं, आणि त्यातला एक शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला नाही. एक दिवस एका मळ्यातली सून तिच्या सासूबरोबर आली. वांगी-मिरच्यांचा मळा, दिवसभर वाकून काम, कंबर धरलेली. सासू दारात बसून राहिली. आक्का म्हणाली, "बोल बाई, तुमच्या मळ्यात कसं कसं जायाचं ते सांग." पोरगी सांगायला लागली. घरातनं निघायचं, गोठा, मग वांग्याचा वाफा, मग मिरची, मग विहीर. विहिरीपाशी तिचा आवाज अडला. मी कोपऱ्यातून बघत होते. आक्काचा पाय कमरेवर होता. तो तिथंच राहिला. किती तरी वेळ ती बाई काही बोलली नाही, तिची पाठ मात्र हलत होती. मग ती हळूच म्हणाली, "विहिरीच्या पल्याड काय बी न्हाय."

आक्कानं काम संपवलं, पाय धुतले आणि दारातल्या सासूला म्हणाली, "हिची कंबर लई वाईट धरलीया. म्हैनाभर वाकणं न्हाय, पाणी वढणं न्हाय. विहिरीकडं तर फिरकू बी देऊ नगा. माहेरी धाडा." सासूनं कुरकुर केली. आक्का म्हणाली, "मग पुढं कायमची निजून ऱ्हाईल. मला इचारू नगा." ती पोरगी माहेरी गेली, आणि दोन महिन्यांनी परत आली तेव्हा अंगानं भरली होती. मला आक्कानं एवढंच सांगितलं, "कंबर बरी हुती तिची."

वर्षभरानं तिनं मला बायकांवर उभं राहू दिलं. आमच्या दारातली माणसं मी आता उंबऱ्यावर पालथी पाडत नव्हते. घोंगडीवर निजवत होते, बोला म्हणत होते. पुरुष आले तर आक्काकडे पाठवत होते. सासूबाईंना सुरुवातीला यात काही दम वाटला नाही, पुढे त्याच कंबर धरून माझ्यासमोर आडव्या झाल्या आणि अर्धा तास माझ्याच तक्रारी मला सांगत राहिल्या.

एकच गोष्ट आक्कानं मला करू दिली नाही. ज्ञानूची पाठ. मी दोनदा विचारलं. मला वाटायचं, ज्या पायानं बिघडवलं त्यानंच थोडं तरी सावरावं. पहिल्यांदा ती "न्हाय" म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली, "त्याला आता कुणाचाच पाय नगं. माझा बी न्हाय." खरंच, तिनं स्वतःही त्याला कधी तुडवलं नाही. मी मनाशी हिशेब मांडला तो असा, की तिचा माझ्यावर अजून राग आहे. तिनं मला शिकवलं ते गावासाठी. माफी वेगळी आणि शिकवणं वेगळं. याचं मला वाईट वाटे, पण तिचं काही चुकतंय असं कधी वाटलं नाही.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मला दोन मुलं झाली, दोन्ही डोक्याकडून. आक्का थकली. इंदापूरला जाणं तिनं सोडलं, मग गावातलंही सोडलं. एका दुपारी ज्ञानू पाय ओढत आमच्या दारात आला. त्या सकाळनंतर तो आमच्या अंगणात प्रथमच उभा होता.

"आईची पाठ धरलीया. तुमास्नी बलावलंय."

मी पट्ट्या घेतल्या आणि निघाले. आक्का घोंगडीवर पालथी पडली होती. इतक्या वर्षांत मी तिला कधी कुणाच्या पायाखाली पाहिलं नव्हतं. पाठ इतकी बारीक झाली होती की मणके मोजता आले असते. ज्ञानू बाहेर लिंबाखाली जाऊन बसला. त्याच्या दोरी वळण्याचा आवाज आत येत होता. मी पाय धुतले, बोटांना पट्ट्या गुंडाळल्या, दोरी धरली.

"बोला, आक्का."

ती गप्प.

"आक्का, बोला की. गप माणसावर पाय ठेवायचा न्हाय, तुमीच शिकवलंय."

"पोरीनं लईच ध्यानात ठेवलंय," ती घोंगडीत तोंड ठेवून म्हणाली. मग थोड्या वेळानं बोलायला लागली. तिनं बैलांची नावं सांगितली नाहीत, की माहेरची वाट सांगितली नाही.

"त्या दिशी सांजचं ज्ञानू घरी आला. म्हनला, आये, पाठीत काय तरी झालंय. मी दिवसभर तुडवून आलेली. दुसऱ्या दिशी पहाटं बारामतीची गाडी यायची हुती. मोठं घर. मी भाकऱ्या बडवत हुते."

माझा चवडा तिच्या खांद्यांच्या मधे होता. मी हळूच खाली सरकले.

"म्हनलं, उसण आसंल. त्यो म्हनला, आगं, गाडीवनं... मी म्हनलं, बोलत बसू नगंस, मला घाई हाय. सकाळच्याला त्या सांगवीच्या सुनंकडनं पाय लावून घे. मीच धाडला त्याला तुझ्याकडं. दुनियेच्या पाठी ऐकल्या, आन पोटच्या पोराला..."

तिथं तिचा आवाज अडला.

माझा पाय तिच्या कमरेच्या वर होता. मी तो काढला नाही आणि दाबला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते. इतकी वर्षं मी जी माफी मागत होते, ती द्यायला तिच्याकडे नव्हतीच. ती स्वतःच कुणाकडे तरी ती मागायची राहिली होती.

बाहेर दोरी वळण्याचा आवाज थांबला होता. मग पाय ओढल्याचा आवाज आला. ज्ञानू उंबरा ओलांडून आत आला, भिंतीला हात लावत खाली बसला, आईच्या डोक्याशी. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बोल, आये," तो म्हणाला. "मला घाई न्हाय."

माझ्या पायाखाली तिची पाठ एका खोल श्वासानं वर आली आणि हळूहळू खाली गेली. मग ती बोलायला लागली.